हात मोबाइलकडे का जातो?



ज्या सरांच्या स्मरणार्थ वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना विज्ञान शिकवले. कुणी काही ठासून सांगितले की ते शांतपणे ‘पुरावा काय?’ एवढेच विचारत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजचा विषय असा आहे की त्यात ठासून सांगणारे पुष्कळ आहेत आणि पुरावा विचारणारे थोडे. म्हणून सरांची ती सवय धरूनच आज बोलणार आहे.

‘मोबाइल आणि चिंता’ हा विषय सुचवताना संयोजकांनी एक अपेक्षाही सांगितली होती. मुलांना मोबाइलपासून लांब कसे ठेवावे, ते सांगा. त्याकडे मी येणार आहे, पण आधी एक गाठ सोडवावी लागेल. मोबाइल फार वापरल्याने माणूस चिंताग्रस्त होतो, की आधीच चिंतेने ग्रासलेला माणूस मोबाइलला जास्त चिकटतो? माझे मत सुरुवातीलाच सांगते. ‘किती तास?’ हा प्रश्न आपण घरोघरी विचारतो. ‘कशापासून सुटका हवी होती म्हणून हात मोबाइलकडे गेला?’ हा प्रश्न मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही. संशोधनात जे मोलाचे हाती लागले आहे, ते या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूला आहे.

थोडा इतिहास. इंटरनेटचे व्यसन ही कल्पना १९९५ साली न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी चक्क थट्टेने मांडली होती. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती गंभीरपणे घेतली. जुगाराच्या विकाराचे निकष घेऊन त्यांनी ते इंटरनेटला लावले आणि प्रश्नावली तयार केली. तिथून पुढे वाट तीच राहिली. नवे तंत्रज्ञान आले की जुन्या व्यसनाचे निकष त्याला बसवून पाहायचे. २०१३ साली दक्षिण कोरियात स्मार्टफोनसाठी अशी मोजपट्टी तयार झाली आणि तिची दहा प्रश्नांची छोटी आवृत्ती जगभर वापरली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, फक्त गेमिंगच्या विकाराला जागा दिली. स्मार्टफोनचे व्यसन नावाचा अधिकृत आजार आजही नाही. त्यामुळे संशोधक ‘त्रासदायक वापर’ असा शब्दप्रयोग करतात, आणि मीही तोच करणार आहे. कामे अडतात, झोप मोडते, नाती बिघडतात, तरी थांबता येत नाही, असा वापर.

आता चिंतेशी त्याचा संबंध. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातले जॉन एल्हाय हे या विषयावर सातत्याने काम करणारे नाव. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्य आणि त्रासदायक वापर यांचा संबंध बहुतेक अभ्यासांत दिसला आणि तो मध्यम ताकदीचा होता. चिंतेचा संबंधही पुन्हा पुन्हा दिसला, पण त्याची ताकद कमी होती. म्हणजे संबंध आहे. तो आपण समजतो तितका दणकट मात्र नाही.

इथे जरा थांबू या, कारण हा संबंध मोजला कसा, हे पाहिल्याशिवाय पुढे जाणे सरांना आवडले नसते. बहुतेक अभ्यासांत लोकांच्या हाती दोन प्रश्नावल्या दिल्या जातात, एक चिंतेची आणि एक मोबाइलची. मोबाइलच्या प्रश्नावलीत काय विचारतात? फोन हातात नसला की बेचैन होता का, फोन नसेल तर सहन होणार नाही असे वाटते का, वापरत नसतानाही फोन मनात घोळतो का. जो माणूस मुळातच काळजीखोर आहे, ज्याच्या जिवाची साध्या गोष्टीनेही घालमेल होते, तो या प्रश्नांना ‘हो’ म्हणणारच. चिंता दोन्ही प्रश्नावल्यांत मोजली जाते आणि मग दोन्हींचा संबंध सापडला म्हणून आपण चकित होतो.

हा नुसता माझा संशय नाही. ब्रिटनमधले डेव्हिड एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली २३८ जणांच्या आयफोनमध्ये आपोआप झालेली वापराची नोंद घेतली आणि ती प्रचलित प्रश्नावल्यांशी ताडून पाहिली. दोहोंचा मेळ फारच कच्चा निघाला. पुढच्या वर्षी हेदर शॉ यांच्या गटाने नेमका आपला प्रश्न घेतला. प्रश्नावलीतले गुण आणि चिंता यांचा संबंध ठळक दिसला. फोनने स्वतः नोंदवलेले तास आणि चिंता यांचा संबंध मात्र अगदीच क्षीण होता. आपला वापर हाताबाहेर गेला आहे असे ज्याला वाटते, तो चिंतेत असतो. जो खरोखर जास्त तास वापरतो, तो असेलच असे नाही. २०२१ साली डग पॅरी आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हाही हेच दिसले. लोकांनी सांगितलेला वेळ आणि यंत्राने नोंदवलेला वेळ क्वचितच जुळतात.

आणखी एक अभ्यास मला फार शिकवणारा वाटतो. लियाम सॅचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजमाध्यमांच्या व्यसनाची एक प्रश्नावली घेतली आणि तिच्यात समाजमाध्यमांच्या जागी प्रत्यक्ष भेटणारे मित्र घातले. मित्रांना भेटायचा विचार सारखा मनात येतो का, त्यांच्यासोबत ठरवल्यापेक्षा जास्त वेळ जातो का, भेटता आले नाही तर अस्वस्थ वाटते का. ८०० हून अधिक लोकांनी ती भरली आणि त्यातले ६९ टक्के ‘मित्रांचे व्यसनी’ ठरले. ही मोजपट्टी हातात घेऊन आपण दहावीतल्या मुलाला व्यसनी म्हणतो तेव्हा त्याच्यावर किती अन्याय होऊ शकतो, याचा विचार पालकांनी आणि मानसोपचाराच्या माझ्या व्यवसायातल्या लोकांनीही करायला हवा.

मग त्रास खोटा आहे का? मुळीच नाही. त्रास खरा आहे. त्याची घडण वेगळी आहे, आणि ती समजायला मोबाइलच्या कितीतरी आधीचे मानसशास्त्र लागते.

१९४७ साली होबार्ट मॉउरर यांनी मांडले की भीती शिकली जाते एका वाटेने आणि टिकते दुसऱ्या वाटेने. टिकते ती टाळल्यामुळे. नको ती गोष्ट टाळली की लगेच हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणेच पुढच्या वेळी टाळायला शिकवते. त्या गोष्टीत खरोखर काही धोका होता का, हे पडताळून पाहायची वेळच येत नाही. १९९१ साली पॉल साल्कोव्हस्किस यांनी त्यात मोलाची भर घातली. चिंताग्रस्त माणूस पूर्णपणे टाळत नाही तेव्हाही स्वतःला सावरणाऱ्या बारीकसारीक कृती करत असतो. चक्कर येईल या धास्तीने भिंतीजवळून चालतो, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहतो, एकच शंका दहा जणांना विचारतो. अनर्थ घडत नाही. पण त्याचे श्रेय मन त्या कृतीला देते आणि भीती जिथल्या तिथे राहते.

आता मोबाइलकडे पाहा. लग्नाच्या मांडवात कोणाशी काय बोलावे कळत नाही, म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रील्स पाहणारा मुलगा आपण उद्धट समजतो. तो त्या क्षणी टाळतो आहे, आणि त्याला हायसे वाटते आहे. मुंबईला गेलेल्या मुलीचे ‘लास्ट सीन’ रात्री चार वेळा पाहणारी आई धीर शोधते आहे. निळी खूण आली, उत्तर का आले नाही, म्हणून ती पुन्हा पाहते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्यात येऊन राहिलेली मुले निकालाच्या बातम्यांसाठी टेलिग्रामचे ग्रुप उघडतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. छातीत जरा दुखले की लक्षणे शोधत बसणारे गृहस्थही आपल्या ओळखीत असतात, आणि शोधाच्या शेवटी ते आधीपेक्षा जास्त घाबरलेले असतात. या चौघांच्या हातात एकच वस्तू आहे, पण प्रत्येकाची गरज निराळी आहे. मुलगा लोकांच्या नजरेपासून पळतो आहे, आई अनिश्चिततेपासून, विद्यार्थी अपयशाच्या धास्तीपासून, गृहस्थ मरणाच्या भयापासून. चौघांचाही स्क्रीन टाइम समजा सारखाच भरला, तरी त्या आकड्यावरून यातले काहीही कळणार नाही.

डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर यांनी २०१४ साली हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. प्रत्यक्ष आयुष्यात जे सोसवत नाही किंवा मिळत नाही, त्याची भरपाई माणूस ऑनलाइन करतो, तेव्हा आधी त्याचे आयुष्य विचारात घ्या, असे त्यांचे म्हणणे. जोएल बिल्यू यांनी मोबाइलच्या त्रासदायक वापराच्या वेगवेगळ्या वाटा दाखवल्या आहेत. त्यातली एक वाट सतत आधार आणि खात्री शोधण्याची आहे आणि चिंताग्रस्त माणसे मुख्यतः त्या वाटेने जातात. जर्मनीतले मॅथियास ब्रँड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेल्या प्रतिमानातही माणसाचा स्वभाव, त्या क्षणीची भावना, विचार आणि स्वतःला आवरण्याची ताकद असे सारे धागे एकत्र येतात. अनिश्चितता सहन न होणे हा त्यातला एक धागा अलीकडच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. ज्याला ‘बघू, कळेल सकाळी’ असे म्हणता येत नाही, त्याच्यासाठी खिशातल्या फोनसारखे दुसरे प्रलोभन नाही, कारण तो प्रत्येक वेळी उत्तराची आशा दाखवतो.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवला. त्याच एलिस यांनी १९७९च्या सुमारास अस्वस्थतेचीच धास्ती घेणाऱ्या मनाबद्दल लिहिले आहे. ‘मला अस्वस्थ वाटता कामा नये, वाटले तर मी ते सोसू शकणार नाही’ अशी ती धारणा असते. मोबाइलच्या पडद्यामागे काम करणारी हीच धारणा मला रोज भेटते. कंटाळा, लाज, हुरहुर, धाकधूक या गोष्टी क्षणभरही सोसायच्या नाहीत, असे ज्या मनाने ठरवले, ते मन त्या सोसायला शिकणार कधी?

चिंतेकडून फोनकडे नेणारी ही साखळी उलट्या दिशेनेही खेचली जाते, हे मान्य करायला हवे. कॅलिफोर्नियात नॅन्सी चीव्हर, लॅरी रोझन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १६३ विद्यार्थ्यांना एका सभागृहात बसवले आणि काही जणांचे फोन काढून घेतले, काहींना ते बंद करून नजरेआड ठेवायला सांगितले. तासाभरात थोड्या थोड्या वेळाने त्यांची चिंता मोजली. फोन फार वापरणाऱ्यांची चिंता वेळ जाईल तशी चढत गेली. कमी वापरणाऱ्यांच्या चिंतेत फरक पडला नाही. फोन स्वतःकडे आहे की दुसऱ्याकडे, यानेही फरक पडला नाही. ज्या वस्तूने आपल्याला इतके दिवस धीर दिला, ती काही मिनिटे नसली तरी आता जीव कासावीस होतो. म्हणजे सुरुवातीला चिंता फोनकडे नेते, आणि पुढे फोन चिंतेची मुळे आणखी खोल नेतो. ‘आधी काय?’ या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर मिळत नाही, ते यामुळेच.

तुमच्यापैकी काहींनी जोनाथन हाइट यांचे २०२४चे पुस्तक वाचले असेल. एका पिढीच्या चिंतेचे मुख्य कारण स्मार्टफोन आहे, असे ते आग्रहाने मांडतात. त्यांचे पुस्तक आले त्याच महिन्यात मानसशास्त्रज्ञ कँडिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मध्ये त्याचे परखड परीक्षण केले आणि मांडणीमागे तेवढा पुरावा नाही, असे सांगितले. पुराव्याच्या बाबतीत मी ऑजर्स यांच्या बाजूची आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ साली ३,५५,३५८ किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के हिस्सा डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. सारा कॉइन यांच्या गटाने ५०० मुलांचा वयाच्या तेराव्यापासून विसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. एखाद्या वर्षी समाजमाध्यमांवर जास्त वेळ घालवला म्हणून त्याच मुलाची चिंता पुढे वाढली, असे दिसले नाही.

पण सरासरीत एकेकट्या मुलाचे हाल लपतात, हेही तितकेच खरे. ऑर्बेन यांच्याच २०२२च्या अभ्यासात वयाचे काही नाजूक टप्पे दिसले, मुलींमध्ये अकरा ते तेरा, मुलग्यांमध्ये चौदा ते पंधरा, आणि दोघांतही एकोणीसच्या सुमारास. त्या वयात समाजमाध्यमांचा वापर वाढला तर वर्षभराने आयुष्याबद्दलचे समाधान कमी झालेले आढळले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली आहे. लहान वयाला कायद्याचे संरक्षण असण्याला माझा विरोध नाही. बंदी घातली म्हणजे चिंता मिटली, असे कुणी समजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडची स्थिती पाहा. २०२४च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो शिक्षणाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. गावातल्या मुलीला तो शिकवणीही आहे आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी तिची एकमेव वाटही. सरसकट काढून घेतला तर दोन्ही जातात.

मग उपयोगी काय पडते? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. अर्ध्यांना तीन समाजमाध्यमे रोज प्रत्येकी दहाच मिनिटे वापरायला सांगितले, बाकीच्यांना नेहमीसारखी. तीन आठवड्यांनी पहिल्या गटाचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झाले. चिंता मात्र दोन्ही गटांत कमी झाली. काहीही बंधन नसलेल्यांचीसुद्धा! संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की दोन्ही गट आपल्या वापराची नोंद रोज पाठवत होते, आणि स्वतःकडे पाहण्याचाच हा परिणाम असावा. मला हा निष्कर्ष फार जवळचा वाटतो. फोन उचलण्याच्या आधी मनात काय चालले होते, ते एका ओळीत वहीत लिहायचे. मी पालकांना मुलांच्या आधी स्वतः हे करायला सांगते.

निकोलस फिट्झ, कोस्टाडिन कुश्लेव्ह आणि सहकाऱ्यांचा २०१९चा प्रयोग पालकांनी लक्षात ठेवावा. ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीन ठरावीक वेळी एकत्र मिळत गेली, त्यांची मनःस्थिती सुधारली आणि स्वतःवर ताबा असल्याचे त्यांना वाटू लागले. ज्यांची नोटिफिकेशन पूर्ण बंद केली, त्यांना तसा फारसा फायदा तर झाला नाहीच, उलट त्यांची चिंता आणि आपल्याला वगळले जाते आहे ही भीती वाढली. संतापाच्या भरात मुलाचा फोन कपाटात कुलूपबंद करणारे वडील नेमका हाच दुसरा प्रयोग घरी करत असतात. अनिश्चितता न सोसणाऱ्या मनाला संपूर्ण अंधार नको असतो. उत्तर कधी मिळणार हे ठाऊक असेल, तर तोवर थांबणे त्याला जमू लागते, आणि हळूहळू थांबण्याचा अवधी वाढवता येतो. चिंताविकाराच्या उपचारातही आम्ही हेच करतो. भीतीच्या जवळ टप्प्याटप्प्याने जायचे आणि त्या वेळी धीर देणारी कृती करायची नाही. मांडवातल्या त्या मुलाने फोन खिशात ठेवून एका मामाशी चार वाक्ये बोलावीत. त्या आईने रात्री दहाला एकदा मेसेज करावा आणि सकाळपर्यंत पाहू नये. पहिले काही दिवस चिंता वाढते. ते आधीच सांगून ठेवले, तर माणूस टिकतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली जे केले त्याचे मला मनापासून कौतुक आहे. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. तिथे एकट्या मुलाला शिक्षा होत नाही. मोठी माणसेही फोन ठेवतात, आणि आपल्या पाठीमागे ग्रुपवर काहीतरी चालले असेल ही हुरहुर उरत नाही, कारण गावातले सगळेच थांबलेले असतात. असे इतर गावांनीही करावे. फक्त त्या दीड तासात एखादे मूल सैरभैर होत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी त्याच्याजवळ बसायला हवे. त्याचा त्रास फोनच्या आधीचा असू शकतो.

अशा मुलांसाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी खास क्लिनिक चालते. मात्र निम्हान्सच्याच २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीनुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. पालक माझ्याकडे मोबाइलची तक्रार घेऊन येतात तेव्हा, कितीही हताश असले तरी, मला ती संधी वाटते. चिंतेसाठी मुलाला दाखवायला जे घर तयार झाले नसते, ते मोबाइलच्या निमित्ताने दारात आलेले असते. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक कृपया लिहून घ्या. त्यावर मराठीतही बोलता येते.

वाचनालयाला एक विनंती करते. गावातल्या शाळांचे शिक्षक, अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्या यांच्यासाठी इथे एक सत्र ठेवावे. मोबाइलच्या तक्रारीआडची चिंता कशी ओळखायची, मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा आणि कोणाकडे पाठवायचे, एवढेच त्यात शिकू. मी यायला तयार आहे. तारीख मात्र परीक्षेच्या आधीची धरा, निकालानंतरची नको.